मस्टँग उघडून बसू नका, चालती ठेवा: घरच्या गॅरेजात १९६८ ची गाडी नव्याने उभी करायची असेल तर

इकडे मिशिगनमध्ये अर्धवट प्रोजेक्ट गाड्यांच्या जाहिराती वाचल्यात तर एक वाक्य हमखास सापडतं, "सगळे पार्ट खोक्यांमध्ये आहेत, फक्त जोडायचे बाकी". या 'फक्त'मध्ये माणसाची पाच-सात वर्षं आणि बहुतेक वेळा संसारातली बरीच शांतता गेलेली असते. मी पण तेच केलं होतं. गाडी घरी आली त्याच शनिवार-रविवारी मित्राला बोलावून सीट, दारं, फेंडर, डॅशबोर्ड सगळं उतरवलं, लई भारी वाटत होतं, आणि नट-बोल्ट भरले श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. डब्यावर काय लिहिलं? काही नाही, लक्षात राहील की. पुढचं दीड वर्ष गाडी तशीच सांगाडा होऊन उभी. आई साताऱ्याहून आली होती, तिने एकदा गॅरेजमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे भंगारवालासुद्धा पैसे मागेल न्यायला".

म्हणून नवीन लोकांना माझं सांगणं एवढंच, की पूर्ण गाडी कधीही एकदम उघडायची नाही. एक काम काढा, संपवा, गाडी रस्त्यावर फिरवा, मग पुढचं. उन्हाळ्यात चालवायची, थंडीत एक मोठं काम करायचं. मला सात वर्षं लागली, त्यातली पहिली दीड फुकट.

उदाहरण म्हणून फोर्डची १९६८ ची मस्टँग घेतो कारण माझ्याकडे तीच आहे. (मस्टँगला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणायचं की पोनी कार, म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी, यावर इकडचे म्हातारे तासन् तास भांडतात, खरी पहिली मसल कार १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ वगैरे. भांडू द्या.)

कुठली घ्यायची

नवशिक्याने मस्टँगच का, तर पार्ट. १९६८ या एकाच वर्षात फोर्डने ३ लाख १७ हजारांच्या वर मस्टँग बनवल्या, त्यामुळे आज दाराच्या रबरापासून अख्ख्या नव्या बॉडी शेलपर्यंत सगळं नवीन बनून मिळतं. एखादी एएमसी किंवा कमी खपलेली मर्क्युरी अशी दुसऱ्या ब्रँडची गाडी घ्याल तर एका क्रोम पट्टीसाठी वर्ष जाईल. फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) सगळ्यांनाच पाहिजे असते म्हणून ती महाग, साधी कूपे घ्या, खालचं मशीन तेच आहे आणि किमतीत मोठा फरक पडतो.

गाडी बघायला गेलात की आधी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) वाचा. ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटखाली एप्रनवर, म्हणजे फेंडरच्या आतल्या पत्र्यावर, तो ठोकलेला असतो, ६८ ला विंडशील्डमधूनही दिसतो, तेही पॅसेंजरच्या बाजूला. दोन्ही जुळतात का बघायचं, आणि टायटलच्या (मालकीच्या) कागदावरचा तिसराही. माझा सुरू होतो ८ आर ०१ सी असा. ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे सॅन होजे, कॅलिफोर्नियाची फॅक्टरी (एफ असेल तर इथलीच डिअरबॉर्नची, टी असेल तर न्यू जर्सीतली मेटचन), ०१ म्हणजे हार्डटॉप कूपे, आणि सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८, आठ सिलिंडरचं इंजिन. त्या जागी टी असेल तर ती जन्माने सहा सिलिंडरची, मग मालक कितीही शपथा घेऊ दे. दुसरी खूण चाकात आहे, सहा सिलिंडरवालीला चाकाला चार नट, व्ही-८ ला पाच. व्ही-८ चा आवाज येतोय आणि चाकाला चार नट दिसले तर समजायचं, कुणीतरी नुसतं इंजिन बदललंय आणि ब्रेक, अ‍ॅक्सल सगळे हलके जुनेच आहेत. असली गाडी घेऊ नये असं नाही, पण पैसे त्या हिशोबाने द्या. अजून खोलात जायचं असेल तर मार्टी रिपोर्ट मागवा, फोर्डच्या १९६७ पासूनच्या प्रॉडक्शन रेकॉर्डवरून तो काढतात, मूळ रंग, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, कुठल्या डीलरकडे गेली, सगळं येतं.

गंज, गंज आणि गंज

इंजिन बिघडलेलं असलं तरी चालेल, इंजिन बाहेर काढून टेबलावर ठेवून दुरुस्त करता येतं. गंजाचं तसं नाही, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, पत्राच चासी आहे. आणि डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ ओततात ते काय उगाच नाही, इकडे आयुष्य काढलेली गाडी खालून बघितली तर चाळणी. त्यापेक्षा अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियातून आणलेली परवडते, ट्रकचं भाडं धरूनसुद्धा. तिकडच्या गाडीचं रबर आणि सीट उन्हाने भाजून गेलेले असतात, पण ते बदलता येतं.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला चरा जात नाही. मागच्या चाकाच्या कमानीला आणि दाराच्या खालच्या कडेला लावून बघा, चिकटलं नाही तर आत पत्रा नसून लांबी भरलीय. मग गाडीखाली झोपून फ्लोअर, फ्रेम रेल आणि कोपऱ्यातले टॉर्क बॉक्स (फ्रेम रेलला बाजूच्या पत्र्याशी जोडणारे डबे) बघायचे, बॅटरीच्या खालचा पत्रा बघायचा, पुढच्या सस्पेन्शनचे शॉक टॉवर (स्प्रिंग आणि शॉक वर जिथे टेकतात तो पत्रा) तडकलेत का बघायचं.

पण सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे काउल. विंडशील्डच्या खाली जी जाळी असते ना हवा आत घ्यायची, तिच्या आत पत्र्याचा बंद बोगदा आहे, त्यात हवेच्या भोकाभोवती टोपीसारखी उभी कड असते पाणी अडवायला. पन्नास वर्षं त्या बोगद्यात पानं कुजतात, कड गंजते आणि पाणी सरळ तुमच्या बुटांवर येतं. टेस्ट सोपी आहे, मालकाला विचारून जाळीवर पाच मिनिटं होजपाइपने पाणी सोडा आणि तुम्ही आत डॅशखाली टॉर्च घेऊन बसा. मालक "नको नको, गाडी ओली कशाला करता" म्हणाला तर उत्तर मिळालंच समजा. गळत असेल तर लगेच पळून जाऊ नका, पण ते काम म्हणजे शंभराच्या वर स्पॉट वेल्ड एक एक करून ड्रिलने काढायचे, वरचा पत्रा उचलायचा, आत दुरुस्त करायचं आणि परत टाके मारून बंद. पुढे सांगतो, मी केलंय.

गॅरेज आणि हत्यारं

हे थोडक्यात. चांगले जॅक स्टँड चार, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा, जायचं नाही. आग विझवायचं सिलिंडर दोन, एक दारापाशी. फोर्डचं त्या वर्षाचं शॉप मॅन्युअल छापून मिळतं, ते घ्याच, व्हिडिओ बघून सगळं येत नाही. झिपची प्लास्टिक पिशवी आणि मार्कर पेन. प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर नाव आणि तारीख. कंटाळा येतो, पण श्रीखंडाचे डबे आठवा.

पहिलं वर्ष: आधी थांबायला शिकवा, मग धावायला

सगळ्यांना आधी इंजिन सुरू करायची घाई असते. मी म्हणतो आधी ब्रेक. ६८ मस्टँगला साधारणपणे चारही चाकांना ड्रम ब्रेक येतात, डिस्क तेव्हा जास्तीचे पैसे देऊन मिळायचे. एक बरं आहे की १९६७ पासून दोन भागांचा मास्टर सिलिंडर आला, त्याच्या आधीच्या गाडीत एकच सर्किट, कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. रबरी होज बाहेरून छान दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, ते न बघता बदला. लोखंडी लाइन, व्हील सिलिंडर, शू सगळं नवीन टाका, फार खर्च नाही. पुढे डिस्क करायचेच असतील तर तेव्हाच करून टाका, रेडीमेड किट मिळतात, फक्त मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा) त्याला जुळणारा घ्या, नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गोल फिरते.

मग पेट्रोल. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, हो, सामान टाकीवरच ठेवता तुम्ही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल वार्निश होऊन बसतं, तो वास एकदा नाकात गेला की आठवडा जात नाही. टाकी धुवत बसण्यापेक्षा नवीन घ्या. रबरी नळ्या सगळ्या बदला, आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सहन करत नाही, आणि गळकी नळी गरम मॅनिफोल्डच्या वर असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आता इंजिन उठवायचं. डायरेक्ट चावी मारायची नाही. आठही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, दोन-तीन दिवस विसरून जा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. अडलं तर जोर लावू नका, परत तेल, परत वाट. माझं तिसऱ्या दिवशी "कट्" असा बारीक आवाज करून सुटलं आणि मग लोण्यासारखं फिरलं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, कुणाला सांगणार, कुत्र्याला सांगितलं. फिरलं की ऑईल बदला, कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. आकडा किती यापेक्षा आठही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं, सगळ्यात कमी असलेला सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांखाली नको. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-४-२-६-३-७-८, डिस्ट्रिब्युटर उलट, घड्याळाच्या विरुद्ध फिरतो हे लक्षात ठेवा. आणि नेटवर दुसरी पण ऑर्डर सापडेल, ती फोर्डच्याच ३५१ आणि नंतरच्या ५.० एचओ इंजिनांची आहे, मी ती लावून एक अख्खा रविवार कार्ब्युरेटरला शिव्या दिल्यात.

रेडिएटर, होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट याच वर्षी उरका. वायरिंग हाताने चाचपून बघा, कडक होऊन मोडत असेल तर अख्खा नवीन हार्नेस घ्या, काळ्या टेपच्या जोडांवर जोड मारू नका. हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून जातो, दोन रिले टाकले की स्विच गरम होत नाही आणि उजेड पण वाढतो.

एवढं झालं की गाडी कुरूप असेल, पण चालेल. चालवा. बायकोला आईस्क्रीम खायला घेऊन जा. मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये, पुढचे खर्च याच आईस्क्रीमवर पास होतात.

दुसरी थंडी: पुढचं सस्पेन्शन

यात एक धोका नीट सांगतो. पुढची कॉइल स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर बसते आणि ती दाबलेली असते, सुटली तर माणूस जागेवर मरू शकतो. मस्टँगसाठीचा जो खास स्प्रिंग कॉम्प्रेसर असतो तोच भाड्याने आणा, साधा बाहेरून लावायचा नको. बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे एंड सगळे बदला. हे उघडलंच आहे तर वरच्या आर्मची भोकं साधारण एक इंच खाली घ्या, याला शेल्बी ड्रॉप म्हणतात, कल्पना मूळ फोर्डच्याच क्लाउस आर्निंग या इंजिनिअरची. खर्च म्हणाल तर एक टेम्प्लेट आणि ड्रिल बिट, आणि वळणावर गाडी वेगळीच वाटते. त्यावर रेडियल टायर आणि तीन पॉइंटचे सीटबेल्ट टाकले की ती १९६८ ची बोट राहत नाही.

तिसरी-चौथी थंडी: पत्रा

इथेच सगळ्यात जास्त लोक हरतात. मिग वेल्डर घ्या, गॅसवाला, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड, वायर बारीक ०.०२३ ची. आधी भंगार पत्र्यावर महिनाभर हात बसवा. सलग ओढत नेलं की पत्रा तापून लाटेसारखा वाकतो, इथे एक टाका, तिथे एक टाका, हात लावून बघायचा, गरम असेल तर चहा प्यायचा.

फ्लोअर कापायच्या आधी बॉडीला आतून चौकोनी पाइपचे आधार वेल्ड करा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. मी ड्रायव्हरची बाजू आधार न देता कापली, नवीन पॅन टाकला, टाके छान आले म्हणून फोटो काढले, आणि मग दार लावायला गेलो तर दार लागेना. मागच्या बाजूला अर्धं बोट खाली. गाडी मधोमध हळूच बसली होती, मला कळलंही नाही. सगळे टाके कापून परत जॅकने लेव्हल करून पुन्हा वेल्ड, दोन महिने गेले. तेव्हापासून दर दोन टाक्यांनी दार उघडून लावून बघतो, सवयच लागली, आता घरच्या फ्रिजचं दारसुद्धा तसंच बघतो.

काउलचं काम याच थंडीत केलं. स्पॉट वेल्ड काढायचं वेगळं बिट मिळतं, ते वरचा पत्रा तेवढा कापतं, खालचा सोडतं. वरचा पत्रा उचलला तेव्हा आत काय होतं सांगू, पाइनच्या सुया, उंदराचं घरटं, आणि मुठीएवढी माती, तीही ओली. ती साफ केली, आणि पुढे फायरवॉलवर तीन थर रंग खरवडला तर खाली मेणाच्या खडूने मारलेली पिवळी रेघ आणि दोन आकडे निघाले, असेंब्ली लाइनवर कुणीतरी घाईत लिहिलेले. ते मी पुसले नाहीत, वरून क्लिअर मारला. नवीन कड बसवली, सीलर लावला, आणि बंद करायच्या आधी पाण्याची तीच टेस्ट परत केली, बंद केल्यावर समजून उपयोग नाही. एक काळजी घ्या, जस्त चढवलेला पत्रा वेल्ड केला की त्याचा धूर विषारी असतो, जस्त घासून काढा आणि दार उघडं ठेवा, थंडी वाजू दे.

पाचवी थंडी: ताकद

फोर्डने २८९ दोन बॅरलला १९५ हॉर्सपॉवर लिहिलंय, पण ते १९७२ च्या आधीचे ग्रॉस आकडे, म्हणजे इंजिन टेबलावर, अंगावर काही बोजा नाही. रस्त्यावर त्यापेक्षा बरंच कमी. तरी मी इंजिन बदललं नाही, ब्लॉक मूळचाच ठेवला आणि जो बदल परत उलटा करता येईल तोच केला. चार बॅरलचा कार्ब्युरेटर साधारण ६०० सीएफएमचा (हवा किती ओढतो त्याचं माप), अ‍ॅल्युमिनिअमचा इनटेक (हाताने उचलता येतो, जुना लोखंडी उचलताना माझी कंबर गेली होती), पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. हेड काढलीच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, ही इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलवर वाढलेली आहेत. कॅम नवीन टाकलात तर ऑईल जस्तवालं घ्या आणि पहिल्यांदा सुरू झालं की वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, आयडलवर सोडलंत तर नवा कॅम तिथेच घासून जातो.

खरी मजा गिअरबॉक्सने आली. मूळ सी-४ ऑटोमॅटिक, तीन गिअर, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०० चा रेशो, हायवेवर ७० मैलाला २७००-२८०० आरपीएम आणि कानाला दडे. नंतरच्या पिढीतल्या फॉक्स बॉडी मस्टँगमधला पाच गिअरचा टी-५ बसवला, ३.५५ चा रेशो टाकला, आता सुटताना उडी मारते आणि पाचव्यात ७० ला २२०० च्या आसपास. पण क्लच पेडल, बेलहाउसिंग, क्रॉसमेंबर, प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल सगळं बदलतं, त्यामुळे 'फक्त गिअरबॉक्स'चं बजेट दुप्पट धरा. जुना सी-४ तेल भरून, तोंडं बंद करून कपाटात ठेवलाय.

रंग सगळ्यात शेवटी

घासायचं काम तुम्ही करा, म्हणजे ८० नंबरपासून वर, लांब ब्लॉकने, गाईड कोट (उंचसखल दाखवणारा पातळ रंग) मारून, बोटं सोलेपर्यंत. एपॉक्सी प्रायमर पण चालेल. पण हल्लीच्या टू-के (दोन भाग मिसळायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा आणणारा लागतो, तेवढी सोय नसेल तर शेवटचा रंग बूथमध्येच मारून घ्या. पेंटरला गाडी द्यायच्या आधी तारीख, टप्पे आणि टप्प्याटप्प्याने पैसे कागदावर लिहून घ्या. मी पहिल्याला सगळे पैसे आधी दिले, "सहा आठवडे" म्हणाला आणि १४ महिने माझी गाडी कोपऱ्यात उभी, इन्शुरन्सचं काम आलं की आमची मागे. दुसऱ्याने तीन आठवड्यांत दिली. रंग लावला अकापुल्को ब्लू, कारण दाराच्या आतल्या प्लेटवर तोच कोड होता, मधल्या कुणीतरी लाल करून टाकली होती.

मग रबर, काच, कार्पेट, सीट, हे गोड काम आहे, घाई करू नका एवढंच.

कागदपत्रांचं सांगायचं तर मिशिगनमध्ये २६ वर्षं झालेल्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, स्वस्त पडते पण त्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही, शो, परेड, क्लबचे कार्यक्रम वगैरे, आणि ऑगस्ट महिनाभर मोकळीक. ऑगस्टच का, तर तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालूय, आपल्या गणपती विसर्जनासारखीच गर्दी, फक्त ढोलांच्या जागी व्ही-८. तिथे पहिल्यांदा जाणार असाल तर कूलिंग नीट तपासून जा, तासन् तास पहिल्या गिअरमध्ये सरकायचं असतं. इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा (किंमत आधीच ठरवलेला) घ्या, रोजच्या गाडीसारखा घसारा लावणारा नको, आणि पावत्या, फोटो जपून ठेवा, ती किंमत त्यावरच ठरते.

थंडीत उभी करताना टाकी भरून पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाका, दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं, बॅटरीला छोटा चार्जर. एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांत आणि एअर क्लीनरच्या नळीत स्टील वूल कोंबा, उंदरांना पन्नास वर्षांपूर्वीचा पत्ता अजून पाठ आहे. आणि ते कोंबलंय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा. मी एका एप्रिलमध्ये नव्हती बांधली.